कुठं दुखतं ते मला बरोबर कळायचं

मागच्या महिन्यात जऊळक्याहून एका माणसाचा फोन आला. त्याचा भाऊ अकोल्याला अतिदक्षता विभागात आहे, गळ्यात नळी आहे, हातपाय हलत नाहीत. माझा नंबर त्याला फिजिओथेरपीच्या मॅडमनी दिला होता. त्यानं मला एकच गोष्ट विचारली. "भाऊ, त्याले आतून समजते का सगळं?"

मी म्हणालो, सगळं समजते. त्याच्यापाशी उभं राहून काय बोलता ते जपून बोला. त्यानं विचारलं, पहिल्या दिवसापासून? बहुतेक काहीतरी बोलून बसला होता.

त्याच्यासाठी आणि त्याच्या भावासाठी हे लिहितो आहे. धीर धरा, सगळं चांगलं होईल, असं मी लिहिणार नाही. मला जीबीएस हा नसांचा आजार झाला, मी त्यातून उठलो, आज काठी घेऊन चालतो. पण त्या महिन्यांमध्ये जे मोडलं ते सगळंच काही रोगानं मोडलं नाही. तेही लिहावं लागेल. नाहीतर हे अर्धंच राहील.

माझा धंदा

मी आसेगावचा. वडील शाळेत शिपाई होते. नववीत असतानाच मी त्यांच्यापेक्षा डोकंभर उंच झालो, आणि गावात मला नावानं हाक मारायचं लोकांनी सोडलं. कोणी हत्ती म्हणे, कोणी जेसीबी. गोळाफेकीसाठी अकोल्याला गेलो, तिथं बॉक्सिंगचे सर भेटले. त्यांनी माझे खांदे दाबून पाहिले, जबडा दाबून पाहिला आणि म्हणाले, उद्यापासून इकडे ये.

आपल्याकडे हेवीवेटमध्ये व्यावसायिक बॉक्सिंग करणारे फार थोडे. मी एकशे नऊ किलोचा होतो आणि त्या मानानं चपळ. पण तेवढ्यानं भागत नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हौशी सामन्यात गुण मिळवायचे असतात. व्यावसायिक सामन्यात लोक यावे लागतात, आणि लोक एकतर तुला जिंकताना बघायला येतील किंवा तुझं तोंड फुटताना. दोन्हीकडून तिकीट खपतं.

मग मी सोंग शिकलो. डफड्याच्या तालावर रिंगमध्ये यायचो. समोरच्याच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्या स्टुलावर बसायचो आणि जांभई द्यायचो. माझा ठरलेला खेळ वेगळाच होता. घंटा होण्याआधी घाबरल्याचं नाटक करायचो. गुडघे लटपटवायचे, दोर धरायचा, मग धाडकन पडायचं. लोक दहापर्यंत मोजायचे. नवाला मी उडी मारून उठायचो आणि सगळा हॉल ओरडायचा.

हे झालं लोकांसाठी. आतली गोष्ट वेगळी होती. रिंगमध्ये दुखत नाही असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. बरगडीखाली बसलेला एक ठोसा माणसाला लहान मुलासारखं वाकवतो. शिकायचं असतं ते एवढंच, की आपलं दुखणं दिसू द्यायचं नाही आणि दुसऱ्याचं शोधायचं. मी समोरच्याच्या हातांकडे कमी आणि तोंडाकडे जास्त बघायचो. पापणी कधी फडफडते, श्वास कुठं अडतो, कोणत्या बाजूला ठोसा जायला लागला की तो आधीच आखडतो. प्रत्येक माणूस कुठंतरी उघडा असतो. ती जागा सापडली की मला आनंद व्हायचा. खोटं कशाला लिहू, जिंकण्यापेक्षा तो आनंद मोठा होता.

जसपाल नावाचा एकजण होता, उत्तरेकडचा, माझ्याहून ताकदवान. त्याच्याशी लढायच्या आधी मला कळलं की त्याची आई महिन्याभरापूर्वी वारली. आदल्या दिवशी वजन करायच्या वेळी आम्ही कपाळाला कपाळ लावून उभे होतो, समोर कॅमेरे होते. मी हळूच, पण माइकला ऐकू जाईल असं म्हणालो, "तेरी माँ ऊपर से देख रही है. कल उसके सामने सुलाऊँगा."

तो रडला. सहा फूट चार इंचांचा माणूस, कॅमेऱ्यांसमोर. मी हसलो. दुसऱ्या दिवशी तो माझ्यावर नुसता धावून येत राहिला, हात खाली सोडून, आणि तिसऱ्या फेरीत मी त्याला झोपवला. ती चित्रफीत घरोघरी फिरली. आसेगावच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला.

घरी आलो तेव्हा बायकोनं, सुजातानं, पाणी दिलं आणि विचारलं, "त्याची माय खरंच मेली होती का?" मी हो म्हणालो. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

सत्कार

पुढच्या सामन्याला तीन आठवडे होते. जयंतीच्या आठवड्यात वस्तीतल्या लोकांनी विहारासमोर मंडप घालून माझा सत्कार ठेवला. त्याच्या आधी मला चार दिवस हगवण लागली होती, ती थांबली. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायात आहे की नाही ते कळेना. त्या सकाळी जिना उतरताना मी कठडा धरला. सुजातानं बघितलं. मी तिला सांगितलं, व्यायाम जास्त झाला. बॉक्सर सामन्याआधी आपलं दुखणं बायकोलाही सांगत नाही. सांगितलं की ते खरं होतं, असं आम्हाला वाटतं.

मंडपात हार घातला, शाल दिली, माइक हातात आला. मी दोन वाक्यं बोललो असेन आणि माझे गुडघे लटपटले. पुढच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली. मी टेबल धरायला गेलो आणि तसाच खाली गेलो, माइकसकट.

लोक हसले. टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. मग सगळा मंडप मोजायला लागला. एक. दोन. तीन.

मी पायांना सांगत होतो, उठा. पाय तिथं नव्हतेच. माइक माझ्या तोंडापाशी पडला होता, त्यामुळं मी जे बोललो ते स्पीकरवरून साऱ्या वस्तीला ऐकू गेलं. मी म्हणालो, "मले उठता येऊन नाही राह्यलं." त्यावर तर लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. दहा झाले. त्यांनी परत एकपासून सुरुवात केली. सुजाताही हसत होती. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

स्टेजवर पहिले चढले ते बाबा. माझे वडील कधी कुठल्या स्टेजवर चढले नव्हते, शाळेच्या झेंडावंदनालाही ते मागं उभे राहायचे. त्यांनी माझ्या काखेत हात घातला, उचलून पाहिलं, आणि माझ्या शरीराचं वजन त्यांना कळलं. त्यांनी माइक उचलला आणि म्हणाले, "बंद करा."

मोजणं लगेच नाही थांबलं. मागच्या लोकांना कळायला वेळ लागला.

निदानाचा दिवस

अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या तळपायावर किल्लीचं टोक ओढलं. गुडघ्यावर हातोडी मारली. मग म्हणाले, पायाचा अंगठा वर करा. मी सगळी ताकद लावली. अंगठा तसाच राहिला. "दाबा माझा हात," म्हणाले. ज्या हातानं मी माणसं झोपवली त्या हातानं त्यांची दोन बोटं मला नीट धरता येईनात.

त्यांनी सोपं करून सांगितलं. पोट बिघडलं तेव्हा शरीराची फौज त्या जंतूशी लढायला निघाली होती. तो संपला, पण फौज थांबली नाही, आता ती माझ्याच नसांवर तुटून पडली आहे. खालून वर येईल. कुठपर्यंत येईल ते सांगता येत नाही. श्वासापर्यंत आली तर मशीन लावावी लागेल.

मी म्हणालो, तीन आठवड्यांनी माझी फाईट आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही, सुजाताकडे बघितलं. तेव्हा मला समजलं. मी आयुष्यभर माणसांच्या तोंडावर तीच गोष्ट वाचत आलो होतो, की हा गेला.

भीती तिथं सुरू झाली. रिंगमधल्या भीतीला हात असतात, तुम्ही तिला मारू शकता. इथं रोज सकाळी एक भाग जायचा. सोमवारी मांड्या. मंगळवारी मनगटं. बुधवारी हसायला गेलो तर ओठ एका बाजूला राहिला. गुरुवारी पाणी नाकातून बाहेर आलं. त्याच दुपारी मला श्वास पुरेना, आणि गळ्यात नळी घातली.

मशीनवर

आता जऊळक्याच्या भावासाठी लिहितो, की तुझा भाऊ कशात आहे.

सगळं ऐकू येतं. सगळं कळतं. अंगावरची चादरसुद्धा सोलल्यासारखी लागते, आणि ओरडता येत नाही. दर दोन तासांनी दोघंजण येऊन कुशीवर वळवतात. नळीतून कफ ओढतात तेव्हा आपण बुडतो आहोत असं वाटतं, रोज, दिवसातून कितीतरी वेळा, आणि त्याची सवय होत नाही. डायपर बदलताना लोक आपापसात जेवणाच्या डब्याविषयी बोलत असतात. त्यांचा दोष नाही. त्यांच्यासमोर एकशे नऊ किलोचं काहीतरी पडलेलं असतं.

माझ्या पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या. सिस्टर डोळ्यांत मलम घालून पट्टी लावायच्या आणि सकाळी काढायच्या. बुबुळं तेवढी हलायची. हो असेल तर वर बघायचं, नाही असेल तर बाजूला. एवढीच भाषा उरली होती, आणि तीही कोणी विचारलं तर.

वॉर्डबॉयचं काम करणारा एक मामा होता, ड्युटीवर असला की मला पैलवान म्हणायचा. एकदा कुशीवर वळवताना माझं वजन त्याच्या कमरेत भरलं. त्यानं माझ्या गालावर दोन चापट्या मारल्या, जोरात नाही, आणि म्हणाला, "मार न आता. मार मले." सोबतची बाई हसली. मी वर छताकडे बघितलं. त्याला वाटलं मी हो म्हणतो आहे.

आणि एक मावशी होती, फरशी पुसणारी. एका दुपारी ती पुसता पुसता थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पदराच्या टोकानं माझं नाक खाजवलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, सांगूच शकत नव्हतो. माझ्या नाकाला सकाळपासून खाज येत होती. ती बादली उचलून पुढं गेली. त्यानंतर ती रोज यायची आणि नाक खाजवून जायची. तिचं नाव मी नंतर विचारून घेतलं. त्या सगळ्या दिवसांत मला कोणी औषध दिलं असेल तर ते हे, असं मला कधी कधी वाटतं.

त्याच मामानं एक दिवस मोबाइल आणून माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. "पाहा भाऊ, त्यानं तुमचं नाव घेतलं," म्हणाला.

जसपाल होता. कुठल्यातरी सामन्याआधी वजन करायला आला होता. त्यानं माझं नाव घेतलं, एक खुर्ची ओढली, तीत अंग सैल सोडून बसला, जीभ बाहेर काढली, मान एका खांद्यावर टाकली आणि गळ्यातून मशीनसारखा आवाज काढायला लागला. लोक हसत होते. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. हसणं थोडं ओसरल्यावर उठला, वर बघितलं आणि म्हणाला, "देख लिया, माँ?"

मला डोळे मिटता येत नव्हते. चित्रफीत संपली तशी ती आपोआप पुन्हा सुरू झाली.

लोकांना वाटतं मला त्या वेळी पश्चात्ताप झाला असेल. तसं झालं नाही. मी ती चित्रफीत एका कारागिरानं दुसऱ्याचं काम बघावं तशी बघितली. मशीनचा आवाज थांबवल्यावर त्यानं वर बघायला जेवढा वेळ घेतला, तेवढाच घ्यायला हवा होता. माझ्याशी लढला तेव्हा त्याला हे जमत नव्हतं. माझ्या मनात आलं, मी असतो तर आणखी नळीही लावून आलो असतो.

त्या पलंगावर माझं सगळं गेलं होतं. हे तेवढं शाबूत होतं.

तोंड परत आलं

पहिल्यांदा श्वास परत आला, मग गिळणं, मग तोंड. हातपाय अजून मेलेलेच होते. गळ्याचं छिद्र बंद केलं आणि आठ-दहा दिवसांत मी बोलू लागलो. आवाज चिरका होता, शब्द ओले यायचे, पण समजायचे.

सुजाता दोन महिने माझ्यापाशी होती. मंगरूळपीरच्या शाळेत ती शिकवते, तिथून रजा काढली होती. ती माझी लाळ पुसायची, केस विंचरायची, माझ्या पायांना तेल लावताना वर्गातल्या गमती सांगायची. डॉक्टर काय म्हणाले ते मला खरं तेच सांगायची, गोड करून नाही. त्या मंडपात हसल्याचं तिनंच सांगितलं ते याच दिवसांत.

एका दुपारी ती मला खिचडी भरवत होती. एक घास ओठातून ओघळला आणि मानेखाली गेला. तिनं फडकं घेतलं आणि पुसता पुसता म्हणाली, "हळू. घाई कायची हाये?" एवढंच. लहान मुलाला म्हणतात तसं, मायेनं.

मला राग आला. आणि राग आला की मी जे करायचो तेच केलं. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि जागा शोधली. शोधायला लागलीच नाही, मला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी तिचं पाचव्या महिन्यात मूल गेलं होतं. तेव्हा मी सरावाच्या शिबिरात होतो आणि आठ दिवसांनी घरी आलो होतो.

मी म्हणालो, "पोटातलं सांभाळता आलं नाही तुले. मले काय सांभाळशीन."

तिनं चमचा वाटीत ठेवला. वाटीवर झाकण ठेवलं. माझं तोंड नीट पुसून झालं नव्हतं, ते तिनं पूर्ण पुसलं. मग पिशवी घेतली आणि गेली. संध्याकाळी बाबा आले. तिनं त्यांना फोन करून सांगितलं होतं की औषधं कोणत्या कप्प्यात आहेत, खिचडी किती पातळ लागते, कुशीवर कधी वळवायचं. स्वतः ती धनजला, माहेरी गेली.

बाबांना मी दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तू तिले काय म्हनला? मी सांगितलं. आजाराच्या भरात निघून गेलं, असंही म्हणालो.

बाबांनी माझे सगळे सामने टीव्हीवर बघितले होते. जसपालला मी जे म्हणालो तेही त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यावर ते कधी एक शब्द बोलले नव्हते. आता ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मले वाटे, तू हे कॅमेऱ्यासाठी करत असशीन. तू तर तसाच हाएस."

मग वाटी घेतली आणि मला भरवलं. रोज भरवलं, तीन महिने. ती गोष्ट पुन्हा काढली नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

वीस वेळा

फिजिओच्या मॅडम कारंज्याच्या, एका जैन कापड दुकानदाराची मुलगी. चार फूट अकरा इंच. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून साडेपाचला निघायच्या, आणि त्याच्या आधी माझा जीव काढायच्या. त्यांच्यावरही मी तोंड चालवून बघितलं. उंचीवर बोललो, आवाजावर बोललो. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झालं? आता अंगठा. वीस वेळा."

अंगठा हलायचा नाही. तरी वीस वेळा हलवायचा. हे कसं करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. समोर माणूस नाही, त्याची उघडी जागा नाही, हॉल नाही. नुसता आपला अंगठा, आणि तो ऐकत नाही. मी चिडायचो, त्याला शिव्या द्यायचो. मॅडम म्हणाल्या, तुम्ही रागावलात म्हणून नस लवकर वाढत नाही. ती तिच्या गतीनं वाढते, दिवसाला फार तर एक मिलिमीटर.

एका दुपारी अंगठा हलला. खोलीत फक्त बाबा होते. त्यांनी वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पुन्हा कर." मी केला. ते बाहेर गेले आणि दहा मिनिटांनी चहा घेऊन आले. डोळे धुतलेले होते.

मला ते सुजाताला सांगायचं होतं. मी फोन लावायला सांगितला. तिनं उचलला नाही.

बॉक्सिंगचे सर एकदाच भेटायला आले. माझे दंड बघितले, ते आता बाबांच्या दंडांएवढे झाले होते. म्हणाले, अरे, यावर मस्त कार्यक्रम करता येईल, मृत्यूला हरवून आलेला बॉक्सर, व्हीलचेअरवरून डफड्यावर एंट्री. मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. बाबा कोपऱ्यात सफरचंद कापत होते, त्यांची सुरी थांबली. मी सरांना नाही म्हणालो. ते पुन्हा आले नाहीत.

धनज

सुजाता परत आलेली नाही. ती येईल असं लिहून मी हे गोड करणार नाही. धनजला गेलो त्या दिवसाचं सांगतो आणि थांबतो.

पाय चालायला लागल्यावर मी बाबांना म्हणालो, मला सोबत घेऊन चला. ते म्हणाले, एकट्यानं जा. मंगरूळहून कारंजा, कारंज्याहून धनज, दोन बस बदलून, काठी घेऊन गेलो. घामानं भिजलो. सासूबाईंनी दारात खुर्ची टाकली, पाणी दिलं आणि आत गेल्या.

सुजाता अंगणात सोयाबीनचं बियाणं निवडत होती. मी काय बोलायचं ते आठवडाभर घोकलं होतं, कुठं थांबायचं तेही. मी माफी मागितली. आजार, औषधं, मनाचा तोल, सगळं आलं त्यात. ती निवडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "हे पाठ करून आले तुमी."

मी काठी मांडीवर आडवी ठेवली.

तिनं सूप खाली ठेवलं. "मले एकच सांगा. ते बोलाच्या आधी तुमाले मालूम होतं का, का मले कुठं लागन? का तोंडातून निघून गेलं?"

निघून गेलं म्हणायला रस्ता मोकळा होता. डॉक्टरांनीसुद्धा सांगितलं होतं की या रोगात माणसं चिडचिडी होतात, घरच्यांनी मनावर घेऊ नये. तिनं ते मानलंही असतं बहुतेक.

मी म्हणालो, "मालूम होतं. म्हनूनच तेच म्हनलं. दुसरं काही म्हनलं असतं तर तुले एवढं लागलं नसतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, बियाण्याकडे बघितलं.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "मले तुमची भीती वाटते. हातापायाची नाही. तुमाले माणूस कुठं दुखते ते दिसते, अन् मग तुमी तिथंच मारता. माह्या घरात मले असा माणूस नको." आवाज चढलेला नव्हता. वर्गात फळ्यावर लिहितात तसं एकेक सांगत होती. "आज खरं बोलले, ते बरं केलं. चहा घ्या, अन् साडेतीनच्या बसनं निघा."

चहा घेतला. बसथांबा जवळच होता, तरी मला पंधरा मिनिटं लागली. ती माझ्यासोबत आली, दोन हात अंतर ठेवून.

बस आली. पायरी उंच होती. मी काठी कोणत्या हातात घ्यावी ते बघत होतो, तोवर तिनं कंडक्टरला सांगितलं, "भाऊ, डावा पाय पहिले टाकू द्या त्याइले. उजव्या पंजात अजून जोर नाही. अन् दांडा उजव्या हातानं धरू द्या, डावी पकड सुटते." कंडक्टर हो म्हणाला आणि माझ्या काखेत हात घातला. मी तिनं सांगितलं तसाच चढलो.

बसायला जागा मिळाली. बस हलल्यावर माझ्या लक्षात आलं. ती दवाखान्यातून गेली तेव्हा माझं एक बोटही हलत नव्हतं. उजवा पंजा, डावी पकड, हे तिला मी सांगितलं नव्हतं, बाबांनीही नाही, ते मी त्यांना नंतर विचारलं. मॅडमनाच माहीत होतं. म्हणजे तिनं त्यांना फोन करून विचारलं होतं, आणि ती अजूनही विचारत होती, कारण डावी पकड सुटते हे मॅडमच्या लक्षात येऊन तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

ती थांब्यावर उभी होती की घराकडे वळली होती, ते मला बघायचं होतं. मान अजून तेवढी वळत नाही.